आप्पांना न ऐकू आलेली शिट्टी

आप्पांनी उभी हयात इमारतींच्या डोक्यावर काढली. लिफ्टची मोटर जिथे बसवलेली असते ती गच्चीवरची खोली म्हणजे त्यांचं ऑफिस, आणि भिंतीवरचं लोखंडी कपाट म्हणजे त्यांचं टेबल. असं कपाट उघडलं की आत वायरींचं नुसतं रान असतं. आप्पांनी जोडलेल्या कपाटात मात्र त्या रानाची वेणी झालेली असायची. एका दिशेला जाणाऱ्या सगळ्या वायरी एकत्र, मेण लावलेल्या दोऱ्याने बोटा-बोटाच्या अंतरावर बांधलेल्या, कोपऱ्यावर नीट काटकोनात वळवलेल्या. नंतर कधी दुसरा मेकॅनिक ते कपाट उघडायचा तेव्हा आधी क्षणभर नुसता बघत उभा राहायचा, आणि मग कामाला लागायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत एक टेबल टाकलं. शेजारपाजारच्यांचे मिक्सर, इस्त्र्या, भिंतीवरची घड्याळं तिथे येऊन पडायची. माई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "ह्यांना रिटायर केलंय ते फक्त कंपनीने."

मुलगा विमानतळावर नोकरीला. त्याची पाळी कधी लागेल आणि तो कधी झोपलेला असेल याचा घरात कुणालाच पत्ता नसायचा. सून दातांची डॉक्टर, आणि दवाखान्याला कुलूप लागलं की गिटार वाजवणारी. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांच्या बॅगेमागून एक इलेक्ट्रिक गिटार आणि एक भलंमोठं स्पीकरचं खोकं आलं होतं. माईने विचारलं होतं, "हे कुठे ठेवायचं?" आणि आप्पांनी विचारलं होतं, "हे आतून कसं असतं?" त्या दिवसापासून सासऱ्या-सुनेचं जे जमलं ते जमलंच. ते तिला कौतुकाने डॉक्टरीणबाई म्हणत.

तिचा चौघांचा एक बँड होता. शनिवारी दुपारी एका व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत त्यांची तालीम चाले. एकदा तिने आप्पा-माईंना ऐकायला नेलं. ड्रम वाजवणारा हा एरवी तलावावर पोहायला शिकवणारा मास्तर. खांदे असे की समोरच्याने आपोआप बाजूला व्हावं. तो जेव्हा ड्रमवर तुटून पडला, तेव्हा माईने पदराचा बोळा कानाशी धरला. आप्पा मात्र सुनेच्या बोटांकडे बघत होते. गाण्याच्या मध्यावर बाकीचे जरा मागे सरकले, ती पुढे आली आणि तिची बोटं गिटारच्या मानेवर अशी धावायला लागली की डोळ्यांनी त्यांचा पाठलाग होईना. आप्पांनी कान टवकारले. ऐकू येत होता तो फक्त ड्रम.

परत येताना त्यांनी सहज विचारलं, "मधे तू वाजवायची थांबली होतीस का गं? की वायर निघाली होती?"

तिने गाडी चालवता चालवता एक सुस्कारा सोडला. "थांबले नव्हते, आप्पा. तेव्हाच तर जीव तोडून वाजवत होते."

माईने आप्पांच्या मांडीला चिमटा काढला. पण बोलून गेलं ते गेलंच.

"ड्रमखाली बुडतंच ते," सून म्हणाली. "माझा भाग आला की माझा आवाज तेवढ्यापुरता वर उचलणारं काहीतरी हवं. तशी पेडलं मिळतात. पायाशी ठेवायची लहानशी डबी असते, खटका दाबला की आवाज वर, पुन्हा दाबला की पूर्ववत. बूस्टर म्हणतात त्याला."

"आत काय असतं?"

"फार काही नाही. एक ट्रान्झिस्टर आणि चार-दोन बारीकसारीक भाग."

"मग विकत आणू नकोस," आप्पा म्हणाले. "मी करतो."

तिने त्यांना एका कागदावर त्या डबीची आकृती छापून दिली. आप्पा ती घेऊन बाल्कनीत बसले आणि कितीतरी वेळ त्या आकृतीकडे नुसते बघत राहिले. त्यांचा विश्वासच बसेना. आयुष्यभर त्यांनी वजनं उचलायची यंत्रं सांभाळली होती. चार माणसांना वर न्यायचं तर म्हशीएवढी मोटर लागते, मनगटाएवढे दोर लागतात, पलीकडून तेवढंच वजन लोंबकळत ठेवावं लागतं. आणि इथे एका आवाजाला उचलून ड्रमच्या डोक्यावर न्यायचं काम करणार कोण, तर मसुरीच्या डाळीपेक्षा जरासा मोठा असलेला काळा ठिपका. त्याला तीन पाय. एका पायावर गिटारची इवलीशी थरथर येणार, ती थरथर आत जाऊन नळाच्या चावीसारखी फिरणार, आणि बॅटरीतली वीज तिच्या तालावर धो धो वाहणार. थेंबाने धबधबा हलवायचा.

"अगं, हे ऐक," ते माईला हाक मारून म्हणाले, आणि नळाची चावी, थेंब, धबधबा सगळं समजावून सांगितलं.

"बरं," माई म्हणाली. "आपल्या नळाची चावी कधी बघताय?"

पुढचे काही दिवस आप्पा त्या डबीत बुडाले. अॅल्युमिनियमची एक लहानशी पेटी आणून तिला भोकं पाडली, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. प्रत्येक डाख असा दिला की कथलाचा थेंब दवासारखा चमकावा. आणि वायरी, अर्थातच, त्यांच्या पद्धतीने. गिटारकडून आत येणारी, स्पीकरकडे बाहेर जाणारी, बॅटरीची, खटक्याची, सगळ्या एका अंगाने एकत्र आणून, मेणाच्या दोऱ्याने बांधून, कोपऱ्यावर काटकोनात वळवलेल्या. झाकण लावायच्या आधी त्यांनी पेटी उजेडात धरली. हे झाकायचं म्हणजे पाप, असं त्यांना वाटून गेलं.

रविवारी सकाळी सून चहा पिऊन उठली तेव्हा पेटी तिच्या गिटारशेजारी ठेवलेली होती. तिने ती उघडून आतलं काम बघितलं आणि आप्पांकडे बघून हात जोडले. मग बाल्कनीतच स्पीकरचं खोकं ओढून आणलं, एक वायर गिटारपासून पेटीत, दुसरी पेटीपासून खोक्यात लावली, आणि अंगठ्याने खटका दाबला.

तिने तार छेडायच्या आधीच तिचा चेहरा आंबट झाला. डोळे बारीक, खांदे कानांपर्यंत वर.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"शिट्टी वाजतेय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? ही काय!" तिने स्पीकरकडे बोट दाखवलं.

आप्पांनी कान खोक्याला लावला. आत हलकीशी घरघर होती, ती तर असतेच. शिट्टीबिट्टी काही नव्हती. "वाजव बघू," ते म्हणाले. तिने एक सूर वाजवला. तो दणकून मोठा आला, आप्पांच्या छातीत घुमला. त्यांनी समाधानाने मान हलवली. "उत्तम. चालतंय की."

"आप्पा, आवाज मोठा झालाय, पण त्याच्यावर ही शिट्टी आहे ना सारखी! आमच्या ड्रिलसारखी. दात कोरताना जी किणकिण येते ना, तशी, त्याहून बारीक."

आप्पांना ते जरा लागलं. विकतची हवी असेल तर तसं सांगावं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. मीटर काढला आणि एकेक जागा तपासली. बॅटरी ठीक. ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवर जेवढी वीज हवी तेवढी आहे. कुठेही काही तुटलेलं नाही, कुठेही काही चिकटलेलं नाही.

"यात काही दोष नाही," त्यांनी निकाल दिला. "तुझ्या दवाखान्यातली किणकिण तुझ्या कानात बसली असेल."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माई हात पुसत आली. तिच्या दोन्ही भुवया एकत्र आल्या होत्या. "अहो, ते काय लावलंय? बंद करा आधी! कानात सुई घातल्यासारखं होतंय. मी मेली तिकडे कुकर बघतेय, फ्रिज बघतेय, कुठून येतंय म्हणून."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग सुनेकडे. सुनेने खटका दाबून पेटी बंद केली, आणि माईचे खांदे खाली आले. पुन्हा चालू केली, आणि माईने कानावर हात ठेवले. बंद. हात खाली. चालू. हात वर. आप्पांच्या दृष्टीने दोन्ही वेळा बाल्कनीत तीच शांतता होती.

माईच्या लक्षात आलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "असू दे. वय झालं की व्हायचंच," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. टीव्ही मोठा लावता म्हणून, हाक मारली तरी ओ देत नाही म्हणून ती कित्येक वर्षं भांडत आली होती. आज तिला जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही.

आप्पा स्टुलावर बसून राहिले. मोटरच्या खोलीत, त्या घरघराटात घालवलेली सगळी वर्षं त्यांच्या डोक्यातून गेली असतील. सून वायर गुंडाळायला लागली. "राहू दे आप्पा, नंतर बघू."

"नंतर कशाला?" त्यांनी मान वर केली. "शिट्टी आहे ना? म्हणजे बिघाड आहे. बिघाड आहे म्हणजे त्याला जागा आहे. मला ऐकू येत नाही तर नाही. कान तुझे, हात माझे. तू फक्त सांगत जा. आहे, की गेली."

मग त्या दोघांनी जे काम केलं ते बघण्यासारखं होतं. तिने दवाखान्यातला तिचा भिंगांचा चष्मा आणला, दात बघायचा छोटा आरसा आणला, आणि पेटीच्या आत वाकून एकेक डाख मागून पुढून बघितला. "आ करा," ती पेटीला म्हणाली. "अजून मोठा आ. हं. कीड नाही. हिरड्या उत्तम." आप्पांना हसू आलं, आणि मघाचं ओझं जरा उतरलं. त्यांनी बॅटरी बदलली. "आहे," ती म्हणाली. वायर बदलली. "आहे." शंका आली तो एक भाग काढून नवा बसवला. "आहे. तशीच." झाकण लावून बघितलं. "आहे."

मग ती गिटारवरचं आवाजाचं बटण खाली करत गेली, आणि एकदम म्हणाली, "गेली!" पुन्हा पूर्ण वर केलं तशी, "आली."

"म्हणजे गिटार जोडलेली असेल, आवाज पूर्ण उघडा असेल, तरच येते," आप्पा स्वतःशीच बोलले. त्यांनी एक टोक न काढलेली पेन्सिल उचलली आणि तिच्या लाकडी टोकाने पेटीच्या आतला एकेक भाग हलकेच दाबायला सुरुवात केली. लिफ्टच्या कपाटात अडलेला रिले, म्हणजे आपोआप चालणारा विजेचा खटका, शोधताना ते असंच करायचे. ट्रान्झिस्टर दाबला. "आहे." खटक्याची टोकं दाबली. "आहे." मग पेन्सिल वायरींच्या जुडग्यावर आली, त्या सुरेख वेणीवर, आणि त्यांनी तिला पेटीच्या भिंतीशी दाबलं.

"थांबा!" सून ओरडली. "बदलली. खाली आली."

"खाली म्हणजे?"

"सूर उतरला. अजून दाबा बघू."

आप्पांनी डाव्या हाताची बोटंही जुडग्यावर ठेवली आणि वायरी एकमेकींवर चेपल्या.

"अजून खाली. अजून."

आणि तेव्हा आप्पांना ती ऐकू आली.

आधी काहीच नव्हतं. मग कुठून तरी, केसाएवढा बारीक, असला-नसलासा एक आवाज. आधी त्यांना वाटलं, डोक्यातच काहीतरी वाजतंय. त्यांनी बोटांचा दाब किंचित वाढवला आणि तो केस दोऱ्याएवढा झाला, मग दोरा जाड झाला, आणि उंच आभाळातून घार उतरत यावी तशी ती शिट्टी गोल गोल फिरत त्यांच्या कानांपर्यंत उतरली. स्पष्ट. धारदार. त्यांच्या अंगावर काटा आला.

"ही?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

"हीच."

त्यांनी बोटं सैल केली. शिट्टी वर चढायला लागली, बारीक झाली, आणखी बारीक, आणि एका जागी आल्यावर नाहीशी झाली. त्यांनी सुनेकडे बघितलं. ती अजून वर बघत होती, आवाजाचा पाठलाग करत असल्यासारखी.

"अजून आहे?"

"आहे की. इथेच आहे."

त्यांनी पुन्हा दाबलं. आली. सोडलं. गेली. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. लहान पोराने विजेचं बटण खाली-वर करत राहावं तसे ते करत राहिले. प्रत्येक वेळी ती त्याच जागी हरवत होती, आणि प्रत्येक वेळी त्यांना माहीत होतं की ती हरवलेली नाही. वरती काहीतरी होतं. त्यांची लिफ्ट एका मजल्यावर येऊन थांबत होती, आणि इतकी वर्षं तोच शेवटचा मजला असं ते समजून चालले होते. वरून माणसांचे पाय वाजत होते.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "आत्ता, या क्षणी, या घरात असं आणखी काय काय वाजतंय?"

तिने डोळे मिटले. "ट्यूबलाइट. फ्रिज, पण तो तुम्हालाही ऐकू येत असेल. बाहेर तारेवर एक पक्षी आहे, बारीक चिवचिव करतोय. आईंनी गॅसवर काहीतरी ठेवलंय, त्याची वाफ सुटतेय. खाली कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा हलवला."

आप्पांनी खिडकीतून बघितलं. तारेवर खरंच एक पक्षी होता. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. त्या क्षणी त्यांना वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी त्यांच्या मनात भरून आलं होतं. इतकं सगळं चालू होतं! रोज, अखंड, त्यांच्या नाकासमोर.

मग ते कामाकडे वळले. बिघाडाची जागा आता उघड होती, आणि ती ओळखून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"माझीच वेणी," ते म्हणाले. "हे बघ. ही आत येणारी वायर, ही बाहेर जाणारी. मी दोघींना गळ्यात गळा घालून बांधून ठेवलंय. बाहेर जाणारी मोठ्याने बोलते, ते आत येणारीला ऐकू जातं, ती तेच पुन्हा आत नेते, ते आणखी मोठं होऊन बाहेर येतं. दोघी नुसत्या गप्पा मारत बसल्यात, तार न छेडताच."

"लिफ्टमध्ये नाही होत असं?"

"तिथे वायरींना एवढे तिखट कान नसतात."

त्यांनी लहान कात्री घेतली. स्वतःच्या हाताने मारलेल्या गाठी कापताना त्यांचा हात जरा अडखळला. मग एकेक दोरा तोडला, बाहेर जाणारी वायर जुडग्यातून सोडवली आणि पेन्सिलीने हळूहळू बाजूला ढकलायला लागले.

"वर चालली," सून सांगत होती. "वर. वर. खूप बारीक. आणि... गेली! आप्पा, गेली!"

आतून माईने एक मोठा हुश्श केला.

सुनेने गिटार मांडीवर घेतली. आप्पा झाकण उचलणार, तेवढ्यात त्यांना जुनी सवय आठवली. लिफ्ट चालली म्हणून ते कधी घरी गेले नव्हते. मीटर लावून खात्री केल्याशिवाय नाही. आपले कान आता भरवशाचे राहिले नाहीत हे तर आज कळलंच होतं. त्यांनी त्यांचा काट्याचा जुना मीटर पेटीच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला लावला.

काटा उभा राहिला. आणि उभाच राहिला.

"तू काही वाजवतेयस?"

"नाही. तारांवर हात ठेवलाय."

"मग हे काय?"

ती वाकून बघायला लागली. काटा मुळीच हलत नव्हता. पेटीतून काहीतरी जोरात बाहेर येत होतं, आणि बाल्कनी शांत होती.

"आहे?" आप्पांनी विचारलं.

तिने स्पीकरला कान लावला. श्वास रोखला. बराच वेळ तशीच राहिली. "नाही आप्पा. मला काहीच ऐकू येत नाहीये."

"ती गेलेली नाही," आप्पा हळूच म्हणाले. "तुझ्याही वर गेली."

सून मागे सरकून जमिनीवरच बसली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आप्पांनी ओळखलं, कारण मघाशी तेच त्यांच्या चेहऱ्यावर असणार. तिने त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतः वायर किंचित जवळ ढकलली. "आली," ती पुटपुटली. थोडी दूर. "गेली." काटा दोन्ही वेळा उभा. जवळ, आली. दूर, गेली. तिने मान वर करून बाल्कनीतल्या उन्हाकडे बघितलं, त्यात तरंगणाऱ्या धुळीकडे, जणू तिथे काही दिसेल.

"म्हणजे माझ्याही वर मजले आहेत," ती म्हणाली.

"कुणाला ठाऊक किती," आप्पा म्हणाले.

माई चहा घेऊन आली तेव्हा सासरा आणि सून दोघं एका पेटीसमोर मांडी घालून, काहीही वाजत नसताना, कान देऊन बसलेले होते. तिने कप ठेवले. "झालं ना दुरुस्त? मग चेहरे असे का?"

"आई, इकडे या," सून म्हणाली. "इथे बसा. एक गंमत आहे." तिने माईला ऐकवलं. शिट्टी वर वर नेली, आणि "गेली" म्हणायला सांगितलं. माई सुनेच्या जरा आधी "गेली" म्हणाली. मग ती काट्याकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे, आणि जिला कधी यंत्रातलं काही ऐकून घ्यायचं नसायचं ती म्हणाली, "अगं बाई. मग हे सगळं ऐकतं तरी कोण?"

आप्पांनी सुनेच्या हातातून पेन्सिल परत घेतली.

शेवटी आप्पांनी ती वायर पेटीच्या पार दुसऱ्या कडेने नेली. काटा थरथरला आणि टपकन खाली आला. शून्यावर. आता ती खरोखर गेली होती. मीटरने सांगितलं म्हणूनच ते कळलं.

"वाजव," ते म्हणाले.

तिने वाजवलं, आणि तिघंही दचकली. मघाचा आवाज मोठा होता, पण आता लक्षात आलं की तो गुदमरलेला होता. न ऐकू येणाऱ्या त्या शिट्टीनेच पेटीचा सगळा दम खाऊन टाकला होता. आता सूर असा मोकळा आला की खिडकीची काच किणकिणली, कपातला चहा थरथरला, आणि आप्पांनी टेबलाच्या पायावर ठेवलेल्या तळहाताला तो लाकडातून जाणवला. तेवढ्या एका काळ्या ठिपक्यातून! तिने बोट उचललं नाही. सूर लांबत गेला, हळूहळू ओसरत गेला. तो कुठे संपतो ते बघायला तिघंही गप्प बसून राहिली. आत मुलगा झोपेतून उठला आणि दारात येऊन डोळे चोळत म्हणाला, "भूकंप झाला का?"

त्या आठवड्यात आप्पा मुकाट्याने माईबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेले. गादीच्या भिंती असलेल्या खोलीत बसून त्यांनी ऐकू येईल तेव्हा बटण दाबलं. कानाच्या डॉक्टरणीने मग त्यांना कागदावरची रेघ दाखवली. बराच वेळ सपाट चाललेली ती रेघ एका जागी कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती. ती बाई जपून, समजुतीच्या सुरात बोलत होती. आप्पांनी मात्र उत्साहाने त्या कड्यावर बोट ठेवलं. "हीच जागा! इथेच हरवते ती." आणि मग तिलाच विचारलं, "तुमची कुठे हरवते?" कानात घालायचं यंत्र महिन्याभरात येईल असं ठरलं. माईने तेवढ्यात टीव्हीचा आवाज किती ठेवायचा तेही डॉक्टरकडून वदवून घेतलं.

शनिवारी ते पुन्हा व्यायामशाळेमागच्या खोलीत गेले. मास्तर नेहमीसारखाच ड्रमवर तुटून पडला. गाण्याचा मध्य आला, सून पुढे झाली आणि तिने पेटीवर पाय ठेवला.

ती ड्रमच्या वर आली. ओरडत नव्हती, कुणाला ढकलत नव्हती. नुसती वर आली, पाण्यातून डोकं वर काढून कुणी दीर्घ श्वास घ्यावा तशी. तिची बोटं काय काय करत होती ते आता ऐकू येत होतं. तिथे पायऱ्या होत्या, वळणं होती, मधेच एक थट्टा होती, आणि शेवटी एक असा लांब, वाकवलेला सूर होता की मास्तरचे हात आपोआप हलके झाले. तो वाजवता वाजवता तिच्याकडे बघत होता. इतकी वर्षं आपण शेजारी बसून काय बुडवत होतो, हे त्यालाही आजच कळत असावं. त्या सुरांची वरची टोकं आप्पांपर्यंत पोचत नसणार, हे त्यांना ठाऊक होतं. पोचत होतं तेच त्यांना मावत नव्हतं.

गाणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; मास्तरने नुसत्या काठ्या मांडीवर ठेवल्या.

"एक करशील?" आप्पांनी सुनेला विचारलं. "सगळ्यांत जाड तार वाजव. एकदाच. आणि सोडून दे. तुम्ही सगळे डोळे मिटा. ज्याला ऐकू यायचं बंद होईल त्याने हात वर करायचा."

सगळे हसले, पण बसले. तिने तार छेडली. खोल, जाड सूर खोलीभर पसरला आणि ओसरायला लागला. मास्तरचा हात सर्वांत आधी वर गेला. मग बाकीच्या दोघांचे. मग माईचा. शेवटी सुनेनेही हात उचलला आणि डोळे उघडले. आप्पांचे दोन्ही हात अजून मांडीवरच होते. ते विसरले असतील असं वाटून माई त्यांना कोपर लावणार होती, पण सुनेने तिला थांबवलं. तिने खाली वाकून तारेकडे बघितलं. तार स्थिर वाटत होती, पण नीट बघितलं तर तिची कड अजून धूसर होती.

भिंतीपलीकडे व्यायामशाळेत कुणीतरी वजन जमिनीवर ठेवलं, तेव्हा कुठे आप्पांनी हात वर केला आणि डोळे उघडले.